काट्याच्या पावतीवरची तारीख: सी भाषेत वेळेचा मजकूर कसा बनवायचा

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना रस्त्याकडेला वजनकाटे लागतात. त्यांतल्या एखाद्याची पावती हातात घेऊन बघा. गाडी नंबर, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, आणि वरच्या कोपऱ्यात तारीख-वेळ. वजनाचा आकडा काट्याकडून आयता येतो. तारखेचं मात्र सगळं प्रोग्रामरलाच करावं लागतं, आणि घोळ बहुतेक तिथेच होतात. कॉलेजात सी शिकवताना पॉइंटर आणि लिंक्ड लिस्टवर आठवडे जातात, तारीख-वेळेचा धडा मात्र परीक्षेला येत नाही म्हणून वगळला जातो. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात नेमका तोच लागतो.

उदाहरणासाठी अशाच एका काट्याचा छोटा प्रोग्राम धरू. तो लिनक्सवर चालतो आणि तीन ठिकाणी वेळ लिहितो: ड्रायव्हरच्या हातात जाणाऱ्या पावतीवर, रोजच्या नोंदींच्या फाइलच्या नावात, आणि द्राक्षांचा कंटेनर परदेशी जाणार असेल तर खरेदीदाराला पाठवायच्या नोंदीत. वेळ एकच असली तरी वाचणारे तीन आहेत, म्हणून मजकूरही तीन तऱ्हांचा लागतो.

कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग जसंच्या तसं ठेवून टाइप करा. तारखेच्या खुणांमध्ये लहान आणि मोठ्या अक्षराचा अर्थ पूर्ण वेगळा होतो, म्हणून तिथे प्रत्येक वेळी ‘छोटा’ किंवा ‘मोठा’ असं स्पष्ट लिहिलं आहे.

वेळ म्हणजे आधी एक आकडा

‘टाइम डॉट एच’ ही हेडर फाइल जोडा आणि ‘टाइम’ हे फंक्शन बोलवा. ते ‘टाइम_टी’ प्रकाराचा एक आकडा देतं. लिनक्स, विंडोज, मॅक, सगळीकडे हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. आपल्याकडे त्या क्षणी पहाटेचे साडेपाच वाजले होते.

हे साडेपाच लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतात. पावतीवर ‘०१/०१/१९७० ०५:३०:००’ छापून आलं तर घड्याळाला दोष देऊ नका. वेळेच्या व्हेरिएबलमध्ये शून्य पडलेलं आहे, त्यात वेळ भरलीच गेलेली नाही. त्याऐवजी ‘०५:२९:५९’ आलं तर तिथे उणे एक आहे. ‘टाइम’ किंवा ‘एमकेटाइम’ या फंक्शनने ‘जमलं नाही’ म्हणून उणे एक परत दिलं आणि कोणी ते तपासलं नाही. एका सेकंदाच्या फरकावरून कुठल्या ओळीत शोधायचं ते कळतं.

डेटाबेसमध्ये, बायनरी फाइलमध्ये आणि प्रोग्रामच्या आत सगळीकडे हा आकडाच ठेवायचा. मजकूर बनवायचा तो छापायच्या किंवा पाठवायच्या ऐन वेळी. गाडी काट्यावर किती वेळ थांबली हे आकड्यांच्या वजाबाकीतून एका ओळीत मिळतं. ‘१५/११/२०२३’ आणि ‘०२/१२/२०२३’ या दोन मजकुरांतलं आधीचं कुठलं हे संगणकाला विचाराल तर तो दुसरं सांगेल, कारण शून्य एकाच्या आधी येतं. तारीख मजकूर म्हणून साठवलेल्या नोंदी पुढे दुरुस्त करायला बसलात की आकड्याची किंमत कळते.

आकड्याचे तुकडे

सेकंदांचा आकडा माणसाच्या कामाचा नाही. ‘लोकलटाइम’ हे फंक्शन त्याचे तुकडे करून ‘स्ट्रक्ट टीएम’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये भरतं: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वार आणि वर्षातला कितवा दिवस. यातल्या काही गोष्टी पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास चकवतात. ‘टीएम_इयर’मध्ये वर्ष १९०० पासून मोजलेलं असतं, म्हणजे २०२६ साठी तिथे १२६ मिळतं. ‘टीएम_मॉन’मध्ये जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. वार रविवारपासून, तोही शून्यापासून. ‘टीएम_एमडे’ ही महिन्यातली तारीख मात्र सरळ एकपासून सुरू होते. ही विसंगती सोसायची, दुसरा इलाज नाही.

१ जानेवारी २००० ला काही वेबसाइटवर वर्ष ‘१९१००’ दिसलं होतं ते याच पद्धतीमुळे. लिहिणाऱ्यांनी ‘१९’ ही अक्षरं आधी छापून त्याला वर्षाचा आकडा जोडला होता. तो ९९ चा १०० झाला आणि तसाच चिकटला. वर्षात १९०० मिळवायचे असतात, शेजारी चिकटवायचे नसतात.

‘लोकलटाइम’मध्ये याहून मोठी एक मेख आहे. आमच्या ओळखीच्या एका काट्यावरच्या माणसाने फोन केला होता. “दादा, गाडी आत आली साडेतीनला, बाहेर गेली पावणेचारला. पावतीवर दोन्हीकडं पावणेचारच कसं काय?” कोड बघितला तर दिसायला निर्दोष: आत येण्याच्या वेळेवर ‘लोकलटाइम’, त्याचा पॉइंटर एका नावात, बाहेर जाण्याच्या वेळेवर पुन्हा ‘लोकलटाइम’, त्याचा पॉइंटर दुसऱ्या नावात, मग दोन्ही छापले. पण हे फंक्शन दर वेळी नवी जागा देत नाही. त्याची स्वतःची एकच जागा असते, ती प्रत्येक बोलावण्यात पुन्हा भरली जाते. दोन्ही पॉइंटर त्याच जागेकडे बोट दाखवत होते. ‘जीएमटाइम’ हे यूटीसीचं भावंड बहुधा तीच जागा वापरतं, म्हणून एक हे आणि एक ते असं केलं तरी सुटका नाही.

उपाय म्हणजे ‘लोकलटाइम_आर’. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: सेकंदांच्या आकड्याचा पत्ता आणि तुमच्या स्वतःच्या ‘स्ट्रक्ट टीएम’चा पत्ता. निकाल तुमच्या जागेत पडतो, दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, असलेल्या प्रोग्राममध्ये याला पर्यायच नाही. लिनक्समध्ये हे फार पूर्वीपासून आहे, आणि सी२३ पासून, म्हणजे सी भाषेच्या प्रमाणाच्या नव्या आवृत्तीपासून, ते प्रमाणातही आलं. विंडोजवर ‘लोकलटाइम_एस’ मिळतं, फक्त तिथे क्रम उलटा: आधी स्ट्रक्चर, मग आकडा. प्रोग्राम सुरू होताना ‘टीझेडसेट’ एकदा बोलवून ठेवा, कारण ‘लोकलटाइम’ टाइम झोनची माहिती दर वेळी स्वतः तपासतं, ‘_आर’वालं ते करेलच असं नाही.

मजकूर बनवणारं फंक्शन

‘सीटाइम’ आणि ‘एएससीटाइम’ नावाची जुनी फंक्शनं पुस्तकांत अजून दिसतात. ती विसरा. त्यांचा साचा ठरलेला, अमेरिकी वळणाचा, आणि शेवटी नवी ओळही न विचारता जोडलेली. सी२३ ने त्यांना अधिकृतपणे निवृत्तीच्या यादीत टाकलं आहे.

कामाचं फंक्शन म्हणजे ‘एसटीआरएफटाइम’. त्याला चार गोष्टी लागतात: मजकूर ठेवायचा बफर, बफरची क्षमता बाइटमध्ये, साचा, आणि भरलेल्या ‘स्ट्रक्ट टीएम’चा पत्ता. साच्यात टक्क्याच्या खुणेमागे एक अक्षर आलं की त्या जागी तारखेचा तुकडा बसतो. बाकीची अक्षरं, तिरक्या रेघा, स्वल्पविराम जसेच्या तसे उतरतात. खुद्द टक्काच छापायचा असेल तर तो दोनदा लिहायचा.

पावतीसाठी साचा असा: टक्का छोटा डी, तिरकी रेघ, टक्का छोटा एम, तिरकी रेघ, टक्का मोठा वाय, एक मोकळी जागा, टक्का मोठा एच, अपूर्णविराम, टक्का मोठा एम.

तपासणीसाठी आजची वेळ घेऊ नका, ती दर वेळी बदलते. १७०,००,००,००० हा आकडा घ्या, म्हणजे सतरावर आठ शून्यं; कोडमध्ये अर्थात स्वल्पविराम न देता. यूटीसीत ती वेळ १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२:१३:२०. भारतात तोवर तारीख उलटून १५ नोव्हेंबर झाली होती, बुधवार, पहाटेचे ३:४३:२०. तारीखच बदलत असल्यामुळे टाइम झोनची चूक लगेच उघडी पडते. वरच्या साच्यातून ‘१५/११/२०२३ ०३:४३’ आलं पाहिजे. लिनक्सच्या ‘डेट’ कमांडलाही जवळपास ह्याच खुणा चालतात, त्यामुळे साचा आधी टर्मिनलवर करून बघता येतो.

आता मुद्दाम चूक करा. महिन्याच्या जागी छोट्या एमऐवजी मोठा एम टाका. ‘१५/४३/२०२३’ येईल, कारण मोठा एम म्हणजे मिनिटं. त्रेचाळिसावा महिना कोणाच्याही डोळ्यांत खुपेल. पण हाच प्रोग्राम तुम्ही ३ वाजून ११ मिनिटांनी तपासला असता तर ‘१५/११/२०२३’ दिसलं असतं आणि तुम्ही खुशाल घरी गेला असता.

अक्षरांच्या बाकी जोड्यांपैकी पुढच्या तेवढ्या नीट बघून घ्या. मोठा वाय चार आकडी वर्ष, छोटा वाय दोन आकडी. दोन आकडी पावतीवर नकोच. मोठा एच चोवीस तासांचा, मोठा आय बारा तासांचा, आणि मोठ्या आयसोबत छोटा पी, म्हणजे एएम-पीएम, नसेल तर पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन यांत फरक उरत नाही. छोटा डी म्हणजे तारीख, पण मोठा डी म्हणजे आख्खी तारीख अमेरिकी क्रमात: ‘११/१५/२३’. ‘डी म्हणजे डेट, एवढंच पुरेसं’ असं समजून तो वापरणारे भेटतात. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही आणि सगळ्या पावत्या चुकलेल्या असतात.

मोठा जी तर त्याहून कावेबाज. वर्षाचे ३६० हून जास्त दिवस तो मोठ्या वायसारखंच उत्तर देतो. प्रत्यक्षात ते आठवड्यांच्या हिशेबातलं वर्ष असतं, ज्यात सोमवारपासून आठवडा धरतात आणि तो ज्या वर्षात जास्त बसेल त्या वर्षाचा मानतात. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता. त्याचा आठवडा २०२५ चा पहिला ठरतो, म्हणून मोठ्या जीने लिहिलेली तारीख ‘३०/१२/२०२५’ अशी एक वर्ष पुढची निघते. मोठा जी फक्त मोठ्या व्हीबरोबर, म्हणजे आठवड्याच्या क्रमांकाबरोबर वापरायचा, एरवी नाही.

फाइलच्या नावासाठी मोठा एफ घ्या: ‘२०२३-११-१५’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, त्यामुळे फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, लिनक्स तिला फोल्डर समजतं. वेळही नावात हवी असेल तर अपूर्णविराम टाळा, विंडोज तो नाकारतं. तास-मिनिटं सलग लिहा.

परत येणारा आकडा वाया घालवू नका

‘एसटीआरएफटाइम’ मजकुराचे बाइट मोजून परत देतं, शेवटचा शून्य बाइट सोडून. बफर अपुरा पडला तर शून्य देतं, आणि मग बफरमध्ये काय असेल याची कसलीही हमी नाही. अर्धवट तारीख असेल, मागच्या पावतीची असेल, कचरा असेल. म्हणून शून्य आलं की तो बफर छापायचाच नाही.

वरच्या पावतीचा मजकूर सोळा बाइटचा, शेवटच्या शून्यासह सतरा. बफर ऐसपैस ६४ घ्या. क्षमता ‘साइझऑफ’ने द्यायची, पण ज्या फंक्शनमध्ये बफर जाहीर केला आहे तिथेच. तो दुसऱ्या फंक्शनला पाठवलात तर तिथे ‘साइझऑफ’ पॉइंटरचा आकार सांगतं, ६४ बिटच्या मशीनवर आठ. आठात तारीख मावत नाही, शून्य परत येतं आणि तुम्ही साच्यात चूक शोधत बसता. बफरसोबत त्याची क्षमता वेगळी पाठवा.

मराठी पावती

इथे काम रंगतं. ‘१५/११/२०२३’ चालतं, पण ‘बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३’ वाचायला केव्हाही बरं.

एक रस्ता लोकेलचा, म्हणजे मशीनवरच्या भाषा-प्रदेशाच्या मांडणीचा. ‘सेटलोकेल’ला ‘एलसी_टाइम’ आणि मराठी-भारताच्या लोकेलचं नाव दिलं की मोठा ए, म्हणजे वाराचं नाव, आणि मोठा बी, म्हणजे महिन्याचं नाव, मराठीत येतात. पण ते लोकेल त्या मशीनवर बसवलेलं असावं लागतं. नसेल तर ‘सेटलोकेल’ नल परत देतं आणि नावं गुपचूप इंग्रजीत छापली जातात. काट्यावरच्या संगणकात काय बसवलंय यावर विसंबण्यापेक्षा मी सरळ दोन तक्ते लिहितो: सात वारांचा, बारा महिन्यांचा. ‘टीएम_डब्ल्यूडे’ आणि ‘टीएम_मॉन’ शून्यापासून सुरू होतात याचा इथे फायदाच होतो, तक्त्यातली जागा थेट सापडते. मग ‘एसएनप्रिंटएफ’ने, म्हणजे साच्याप्रमाणे बफरमध्ये मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनने, सगळं जुळवायचं.

पण बफर बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना, मात्रा आणि हलन्त धरून. ‘नोव्हेंबर’मध्ये न, ओकार, व, हलन्त, ह, एकार, अनुस्वार, ब, र अशी नऊ चिन्हं, म्हणजे सत्तावीस बाइट. मराठी आकड्यांसह ‘बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३’ मोजलं तर सदुसष्ट होतात. मघाचा ऐसपैस ६४ चा बफर इथे तोकडा पडला. ‘एसएनप्रिंटएफ’ त्रेसष्ट बाइटवर कापतं, म्हणजे वर्षातले ‘२०’ येतात आणि पुढच्या २ चे तीनपैकी दोनच बाइट. त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. मराठीसाठी २५६ घ्या, स्मृतीची एवढी चणचण आता कुठे नसते. आणि ‘एसएनप्रिंटएफ’ने परत दिलेला आकडा क्षमतेइतका किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला असं समजा.

आकडे मराठीत करणं सोपं आहे. मराठी शून्याचे तीन बाइट २२४, १६५, १६६. पहिले दोन सगळ्या आकड्यांना तेच, तिसरा १६६ पासून नऊसाठी १७५ पर्यंत. इंग्रजी आकड्यांचा मजकूर आधी बनवा, मग एकेक अक्षर बघत चला: शून्य ते नऊपैकी असेल तर हे तीन बाइट लिहा, नसेल तर आहे तेच उतरवा. एकाचे तीन होतात, म्हणून दुसरा बफर वेगळा आणि तिप्पट मोठा.

पहाटे-दुपारी हे छोट्या पीच्या आवाक्यातलं नाही, त्याला फक्त दोनच भाग माहीत. तासावरून स्वतः ठरवा. मी ३ ते ५ पहाटे, ६ ते ११ सकाळी, १२ ते १५ दुपारी, १६ ते १८ संध्याकाळी आणि बाकी रात्री धरतो. सहाला पहाट म्हणावं की सकाळ यावर वाद घालणारे घालोत. तास बाराने भागून बाकी घ्यायची, आणि बाकी शून्य आली तर बारा छापायचे. हे विसरलात तर दुपारी ‘०:१५’ वाजतात. रात्री बारानंतरच्या पावत्यांवर वार लिहाच, पण तेवढ्यावर भागत नाही. ‘बुधवार रात्री १२:२०’ म्हटलं की ड्रायव्हरच्या मनात बुधवारची उत्तररात्र असते आणि संगणकाच्या लेखी बुधवार नुकताच सुरू झालेला असतो. कांद्याच्या हंगामात रात्रभर गाड्या चालतात, तेव्हा हा फरक भाड्याच्या हिशेबात उतरतो. मी अशा वेळी सोबत चोवीस तासांची वेळही छापतो.

रकाने जुळवायला ‘एसएनप्रिंटएफ’ची रुंदी वापरू नका, ती बाइट मोजते आणि मराठी ओळी वाकड्या होतात. थर्मल प्रिंटर देवनागरी मजकूर थेट छापत नसेल तर पावतीचं चित्र करून पाठवावं लागेल, तो वेगळा विषय.

परदेशी जाणारी नोंद

नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून बोटीने युरोपात जातात. तिथल्या माणसाला ‘आयएसटी’ लिहून पाठवाल तर तो आयर्लंडची वेळ समजू शकतो, इस्रायलवालाही तीच तीन अक्षरं वापरतो. म्हणून मोठा झेड, जो टाइम झोनचं नाव छापतो, यंत्राने वाचायच्या नोंदीत टाकू नका.

‘जीएमटाइम_आर’ने यूटीसीचे तुकडे करा आणि साचा असा: टक्का मोठा एफ, साधं टी अक्षर, टक्का मोठा टी, साधं झेड अक्षर. टक्क्याशिवाय आलेली अक्षरं तशीच छापली जातात, आणि शेवटच्या झेडचा अर्थ जगभर ‘ही यूटीसी आहे’ असाच घेतात. आपल्या आकड्यासाठी तारीख १४ आणि वेळ २२:१३:२० यायला हवी. भारतीय वेळच पाठवायची असेल तर छोटा झेड ‘+०५३०’ देतो; इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रणालींना मध्ये अपूर्णविराम लागतो, तो हाताने घालावा लागतो. सेकंदाचा अंश ‘एसटीआरएफटाइम’ला येत नाही. ‘टाइमस्पेक_गेट’मधून नॅनोसेकंद घ्या, दहा लाखांनी भागा आणि तीन आकडी करून मागे जोडा.

साडेपाच तास स्वतःच्या हाताने मिळवत बसू नका. टाइम झोन मशीनवर ‘एशिया/कोलकाता’ लावा, बाकी ‘लोकलटाइम_आर’ बघून घेईल. त्याऐवजी ‘टीझेड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आकडा लिहायचा झाला तर चिन्ह उलटं असतं: भारतासाठी ‘आयएसटी’ला जोडून उणे ५:३०. अधिक लिहिलंत तर अकरा तास मागे पडाल. (जाता जाता: आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, नाशिक ७३.८ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर नाशिकचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. पावतीवर मात्र घड्याळाचंच खरं.)

द्यायच्या आधी

कंपाइल करताना ‘-डब्ल्यूफॉरमॅट=२’ हा पर्याय लावा. जीसीसी हा कंपायलर मग साच्यातल्या चुकीच्या खुणा दाखवतो आणि दोन आकडी वर्षावरही टोकतो.

लाइट गेली आणि मशीनमध्ये घड्याळाची बॅटरी नसेल, तर परत सुरू झाल्यावर नेट मिळेपर्यंत वेळ चुकीची असते. साचा कितीही नेटका असो, चुकीची वेळ नेटकीच छापली जाते. प्रोग्राम बनवला त्या वर्षापेक्षा आधीचं वर्ष दिसलं की पावती थांबवून ‘घड्याळ तपासा’ एवढं दाखवा.

शेवटी २,१४,७४,८३,६४७ हा आकडा देऊन बघा. १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७ आलं पाहिजे. मग त्यात एक मिळवा. ८:४४:०८ आलं तर ठीक. १९०१ साल आलं तर त्या मशीनवर ‘टाइम_टी’ अजून ३२ बिटचा आहे. जुन्या स्वस्त बोर्डांवर हे आढळतं, आणि काटे वर्षानुवर्षं बदलत नाहीत. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, २.३४ किंवा नंतरची असेल तर ‘_टाइम_बिट्स’ आणि ‘_फाइल_ऑफसेट_बिट्स’ हे दोन्ही मॅक्रो ६४ करून सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा, आणि आधी बायनरी फाइलमध्ये लिहिलेले चार-चार बाइटचे आकडे आठ बाइटचे समजून वाचले जाणार नाहीत एवढं बघा.